अमेरिकेतला मुराळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला घेऊन येतो, निंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो. अमेरिकेचा नागरिक झालेला भाऊ बहिणीला तिकडे नेण्यासाठी अर्ज करतो, तेव्हा तोही मुराळीच असतो. पण या वाटेला वीसेक वर्षं लागतात, आणि ते अर्ज करतानाच घरात सगळ्यांना कळायला हवं.

1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने अमेरिकेतला जुना देशनिहाय कोटा गेला आणि रक्ताच्या नात्याला प्राधान्य आलं. नागरिकाचे आई-वडील, नवरा-बायको आणि 21 वर्षांखालची अविवाहित मुलं यांना संख्येची मर्यादा नाही. भावा-बहिणींचं तसं नाही. साऱ्या जगासाठी वर्षाला 65,000 व्हिसा, त्यातच त्यांचे नवरा-बायको आणि मुलंही धरलेली, शिवाय कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारतातून मागणी मोठी, म्हणून रांग लांबते. अर्ज दाखल झाल्याची तारीख हाच आपला नंबर. दर महिन्याला कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज घेतले, ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं जाहीर करतं. 2023 ते 2025 या काळात भारताचा काटा 2005-06 च्या आसपासच रेंगाळत होता.

माझ्या ओळखीच्या धुळ्याच्या एका ताईंसाठी त्यांच्या भावाने, आबाने, 2006 मध्ये अर्ज केला, तेव्हा त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. नंबर लागला तेव्हा पंचवीसचा. भावाच्या अर्जाच्या मंजुरीला चार वर्षं लागली होती. अमेरिकेच्या 2002 च्या कायद्याप्रमाणे तेवढी वर्षं मुलाच्या वयातून वजा होतात. पंचवीसमधून चार गेले, एकवीस उरले. वय एकवीसच्या आत हवं होतं. आई-बाबांना वाट मोकळी झाली, मुलाला नाही. असा हिशेब प्रत्येक घराने आधीच मांडून ठेवावा. मुलांचं शिक्षण, घराचं बांधकाम, शेतीचे निर्णय या अर्जावर टांगून ठेवू नयेत, असं मी कळकळीने सांगतो. आणि मधल्या काळात पर्यटक व्हिसा मागायचा झाला, तर कुणी आपल्यासाठी असा अर्ज केलाय का, हा प्रश्न तिथे असतो. खरं तेच लिहावं.

खरी धावपळ कागदांची. अर्ज अमेरिकेत भरला जातो, पण नातं सिद्ध होतं ते इथल्या दप्तरातून. दोघांचे आई-वडील एकच, हे दाखवायचं. आता पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे थोरल्याची नोंद आजोळच्या तालुक्यात आणि धाकट्याची दुसरीकडे. लग्नानंतर बहिणीचं नाव बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने 1 जून टाकलेली. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याआधी जन्मलेल्यांचा आधार म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेलं कोतवाल बुक.

ताईंचा जन्म 1966 चा, चोपडा तालुक्यातला. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यासोबत मी रेकॉर्ड रूममध्ये बसलो होतो. कापडात बांधलेला गठ्ठा सुटला, पानांच्या कडा बोटाला लागताच झडत होत्या. तारीख, गाव, जात, वडिलांचं नाव, आणि पुढे एकच शब्द, मुलगी. बाळाचं नाव नोंदीत नसायचं, कारण बारसं व्हायच्या आतच कोतवाल नोंद घेऊन जायचा. मग त्या एका शब्दाला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची, आणि सगळीकडे स्पेलिंग एकसारखं आहे ना, ते ताडून पाहायचं. नोंद मिळालीच नाही, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर हे उरकून घ्या. वीस वर्षांनी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला उभं राहाल, तेव्हा साक्षीला काका-मामा असतीलच असं नाही.

भावाचीही जबाबदारी लहान नाही. बहिणीच्या कुटुंबाला सरकारी मदतीची गरज पडणार नाही, अशी लेखी हमी तो देतो, आणि ती साधारणपणे ते नागरिक होईपर्यंत किंवा त्यांनी तिथे दहाएक वर्षं काम करेपर्यंत त्याला बांधून ठेवते.

त्या दिवशी रेकॉर्ड रूममधून नक्कल हातात आली. ताईंनी दोन मागितल्या होत्या. शिक्का नीट उमटलाय का ते त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "एक आबाले धाडनी शे, एक पोऱ्याजोडे राही."