खाजगी विद्यापीठांचे मूल्य : त्र्यंबकेश्वर परिसराच्या संदर्भात

नाशिक-त्र्यंबकेश्वर मार्गावरील महिरावणी येथील संदीप विद्यापीठ राज्याच्या 2015 च्या अधिनियमान्वये स्थापन झाले. अशा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठास महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. मात्र अभ्यासक्रम, परीक्षा व पीएच.डी. संशोधन यांची आखणी ते स्वतः करते. संलग्न महाविद्यालयास यासाठी मूळ विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहावी लागते. ही स्वायत्तता हेच खाजगी विद्यापीठाचे प्रमुख मूल्य होय.

तथापि या स्वायत्ततेचा खर्च मुख्यत्वे शुल्कातून भागतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शुल्कमाफी देणाऱ्या जुलै 2024 च्या शासन निर्णयातून स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळण्यात आली. परिणामी अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थिनीस घराजवळचे विद्यापीठही दूरचे ठरते.

संशोधनाचा निकषही परिसरातच आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, पाऊस विपुल पडतो. तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाडे पाण्यासाठी वणवण करतात. या प्रश्नाला संशोधनविषय मानणे आणि स्थानिक विद्यार्थ्यांसाठी शुल्कमुक्त जागा राखणे, या दोन कसोट्यांवरच खाजगी विद्यापीठांचे सामाजिक मूल्य ठरावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.