घराची किंमत आणि गल्लीची किंमत

परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाने तिकडेच घर विकत घेतले, ही बातमी आता मध्यमवर्गीय मराठी घरांत नवलाची राहिलेली नाही. या बातमीत अमेरिका-इंग्लंडच्या जोडीला गेल्या दोन दशकांत नेदरलँड्सचेही नाव येऊ लागले आहे. या देशाला आपण सवयीने हॉलंड म्हणतो. वस्तुतः हॉलंड हे त्यातील दोन प्रांतांचे नाव. तेथील ॲमस्टेलवेन, आइंडहोवन अशा भागांत भारतीय अभियंत्यांची वस्ती चांगलीच वाढली असून तीत मराठी कुटुंबेही आहेत. मूल होईपर्यंत शहरातील भाड्याच्या दोन खोल्या पुरतात; मूल चालू लागले की उपनगराकडे डोळे लागतात. रांगेतले दुमजली घर, मागे लहानशी बाग आणि बागेच्या टोकाला सायकली ठेवण्याची खोली, एवढाच हा संसार. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या, आधीपासून वापरात असलेल्या घरांची सरासरी किंमत सुमारे साडेचार लाख युरो, म्हणजे रुपयांत चार कोटींच्या घरात होती. हा आकडा ऐकून इकडचे आईवडील विचारतात, एवढ्या पैशांत घेतले तरी काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्या घराच्या चार भिंतींत सापडावयाचे नाही.

ते घराच्या दारासमोर आहे. अशा वस्तीला फाटक नसते, पहारेकरी नसतो. तरीही आठ-दहा वर्षांची मुले एकटी सायकलवरून शाळेत जातात आणि संध्याकाळी रस्त्यावर खेळतात. युनिसेफने संपन्न देशांतील बालकांच्या सुस्थितीची जी तुलना केली, तीत २००७, २०१३ आणि २०२० या तिन्ही वेळी नेदरलँड्सचा क्रमांक पहिला लागला. हे पाहून ‘डच माणूस मुळातच शिस्तप्रिय आणि मुलांवर माया करणारा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा.

कारण पन्नास वर्षांपूर्वी तोच देश मोटारींच्या पायी आपली मुले गमावीत होता. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली. त्यांनी लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. आईवडील आणि मुले रस्त्यांवर आली, वाहतूक अडविली गेली. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात एक प्रयोग चालू होता. गल्लीतील पदपथ आणि रस्ता यांतील भेदच काढून टाकावयाचा, झाडे आणि वळणे अशी योजावयाची की मोटारीला पायी चालणाऱ्याच्या गतीनेच जावे लागेल, आणि मुलांना गल्लीच्या पूर्ण रुंदीत खेळण्याचा हक्क द्यावयाचा. या गल्लीला त्यांनी ‘वोनएर्फ’ म्हटले. शब्दशः अर्थ राहते अंगण. आपल्या भाषेला याहून जवळचा शब्द शोधून सापडणार नाही. १९७६ मध्ये या अंगणाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. आज त्या देशात वर्षाकाठी रस्त्यांवर मरणाऱ्यांची संख्या सातशेच्या आसपास आहे.

ॲमस्टरडॅममध्ये तर याच्याही आधी, १९४७ पासून, आल्डो फान आयक या वास्तुशिल्पज्ञाने महापालिकेसाठी मोकळ्या कोपऱ्यांवर सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. हाउटेन हे उपनगर असे रचले गेले, की मोटारीने एका वस्तीतून दुसरीत जावयाचे तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याला वळसा घालावा लागतो. सायकलवाला मधून सरळ जातो आणि शाळा त्याच्याच वाटेवर लागतात. आल्मेरे तर सरकारने पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर उभे राहिले. तेथे पहिले रहिवासी १९७६ मध्ये आले. सगळेच प्रयोग साधले असे मात्र नव्हे. बायल्मरमेर येथे साठीच्या दशकाअखेर दहा-अकरा मजली इमारतींची प्रचंड वसाहत उठली. मोटारी वेगळ्या, पादचारी वेगळे, भोवती हिरवळच हिरवळ. कागदावर सर्व निर्दोष. परंतु ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ती बांधली, ती पुरेशी आलीच नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खेळणारे मूल दिसावे, ही आईची साधी अपेक्षा नवव्या मजल्यावरून पुरी होण्यासारखी नव्हती. त्यांतील अनेक इमारती पुढे पाडाव्या लागल्या.

म्हणजे आज विकत घेतला जातो तो निवारा साधा आहे. त्याच्या किमतीला चढलेली झळाळी चळवळीने, कायद्याने आणि नगरपालिकांच्या पैशाने मिळविलेल्या गल्लीची आहे. ही सार्वजनिक कमाई खासगी किमतीत कशी उतरते, हे व्यवहाराच्या रीतीवरून कळते. व्यवहार स्वच्छ असतो, हे आधी मान्य केले पाहिजे. क्षेत्रफळ म्हणजे आतील राहण्याजोगी जागा. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप ही आपली त्रिविध माया तिकडे नाही. करारावर सही झाल्यावरही ग्राहकाला तीन दिवस, कारण न सांगता, माघार घेता येते. पैसा आणि मालकी यांची देवघेव नोटरीमार्फत होते. आपल्याकडे कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा नोटरी येथे डोळ्यांसमोर आणू नये. तिकडील नोटरी हा सरकारनियुक्त कायदेपंडित असतो. बँक घराच्या मूल्याच्या पूर्ण शंभर टक्के कर्ज देऊ शकते, हे ऐकून आपल्याकडील कर्जदाराला हेवा वाटेल.

मेख आहे ती येथेच. विक्रेता एक किंमत सांगतो आणि इच्छुकांनी बंद बोली लावावयाची असते. दुसऱ्याची बोली कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा सांगितलेल्या किमतीहून वीस-तीस हजार चढवून बोली लावणे ही रीतच झाली आहे. बँकेचे कर्ज घराच्या मूल्यांकनापुरते मिळते. वरची रक्कम खिशातून काढावी लागते. ती कोणाकडे असते? ज्याच्या आईवडिलांचे घर आधीच आहे, त्याच्याकडे. २०१७ ते २०२२ या काळात आईवडिलांनी मुलाला घरासाठी दिलेल्या सुमारे एक लाख युरोंच्या देणगीवर करही नव्हता. ही सवलत २०२४ मध्ये बंद झाली खरी. पण तोवर घरवाल्यांची मुले आणि भाडेकऱ्यांची मुले यांच्यातील अंतर वाढून चुकले होते. कर्जाच्या व्याजावर मिळणारी प्राप्तिकरातील सूट ही दुसरी मेहेरबानी. ती घर घेणाऱ्यास मिळते असे दिसते. प्रत्यक्षात ती किमतीत मिसळून विकणाऱ्याच्या हाती जाते. आणि घरांचा तुटवडा चार लाखांच्या आसपास असताना, परवडणारी घरे बांधणाऱ्या गृहनिर्माण संस्थांवर सरकारने २०१३ पासून दहा वर्षे खास कर बसविला होता, हे सांगितले तर आपला विश्वास बसू नये. १९०१ साली गृहनिर्माणाचा कायदा करून गरिबांच्या घरांची जबाबदारी उचलणारे हेच राज्य! १२ सप्टेंबर २०२१ रोजी ॲमस्टरडॅममध्ये हजारो लोक घरांसाठी रस्त्यावर उतरले. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी रस्ते अडविले गेले, त्या पिढीची मुले या गर्दीत असतील. त्या वाचलेल्या गल्लीत राहावयास त्यांनाच जागा नाही.

या चित्रात आपले तरुण कोठे बसतात? परदेशांतून बोलाविलेल्या तज्ज्ञ नोकरदाराला तेथे पाच वर्षांपर्यंत पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाग करमुक्त मिळू शकतो. २०२७ पासून हे प्रमाण सत्तावीसवर यावयाचे आहे. पती-पत्नी दोघेही अभियंते असले, तर त्यांची बोली स्थानिक शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या बोलीवर सहज मात करते. यात त्यांचा गुन्हा नाही. त्यांना यावे म्हणूनच ती सवलत ठेवली आहे. परंतु ज्या शाळेच्या लौकिकामुळे ते घर घेतले, त्या शाळेतील शिक्षकालाच त्या उपनगरात घर परवडू नये, ही गोष्ट निदान शिक्षकी पेशातील वाचकांना तरी बोचावी.

जुन्या उपनगरांत एक वेगळीच कोंडी दिसते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुले घेऊन आलेली जोडपी आता वृद्ध झाली आहेत. चार खोल्यांत दोघेच राहतात. कर्ज फिटलेले, जिना चढवत नाही. पण लहान सदनिका घ्यावी किंवा भाड्याने राहावे तर महिन्याचा खर्च वाढतो. मग ती तेथेच राहतात. खाली घसरगुंडी आहे, वाळूची खेळजागा आहे, राहते अंगण आहे. खेळावयास मुले कमी. ज्यांच्या घरी मुले आहेत, ते शहरात तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत बंद बोली लावीत बसले आहेत. वृद्धांना हाकलण्याचा उपाय कोणी सुज्ञ माणूस सुचविणार नाही. त्याच वस्तीत, त्याच ओळखीच्या माणसांत, त्यांना परवडतील अशी लहान घरे बांधणे, हाच मार्ग उरतो. त्यासाठी जमीन लागते.

ही जमीन कोणाला आणि कोणत्या घरांसाठी द्यावयाची, हे बव्हंशी नगरपालिका ठरविते. गावाबाहेरील कुरणावर भाड्याची स्वस्त घरे बांधण्याचा प्रस्ताव आला, की आमची मोकळी हवा जाईल, मोटारी वाढतील, असे म्हणत विरोधाला उभे राहणाऱ्यांत पुष्कळदा आधी घर मिळालेलेच असतात. पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झालेल्या परदेशी नागरिकालाही तिकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागत नाही. तेव्हा घर घेतल्याची बातमी फोनवरून आली, तर त्याचा गालिचा आणि स्वयंपाकघर यांची चौकशी झाल्यावर आईवडिलांनी हेही विचारावे, की त्या कुरणाच्या प्रश्नावर तुझे मत कोणत्या बाजूला पडणार आहे?