संगणक अचानक बंद का पडतो?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जोडण्याची हौस आपल्या शहरांत जुनी आहे. पैसे वाचतात आणि मनाजोगते भाग निवडता येतात. मात्र असा संगणक ऐन कामाच्या वेळी, कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू लागला की मालकाची पंचाईत होते. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, वीजपुरवठा तिसरीचा. त्यामुळे दाद कोणाकडे मागायची, हेच कळत नाही. कोणी विंडोज नव्याने टाकायला सांगतो, कोणी रॅम बदलायला. अंदाजाने एकेक भाग बदलत गेल्यास हजारो रुपये खर्च होतात आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

वास्तविक हे बंद पडणे वाटते तितके अवचित नसते. बहुतेक वेळा संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असतो. त्याच्या आत तीन पहारेकरी असतात. विजेवर एसएमपीएस लक्ष ठेवतो, उष्णतेवर प्रोसेसर आणि आज्ञावलींच्या शिस्तीवर विंडोज. यांपैकी कोणी काम थांबवले, हे ओळखले की निम्मी दुरुस्ती झाली.

आधी निरीक्षण

सर्वप्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लिहिण्याचे काम चालू असताना वीज तुटल्यास फायली खराब होऊ शकतात. त्यानंतर एक वही घेऊन प्रत्येक वेळची नोंद ठेवावी: किती वाजता बंद पडला, कोणते काम चालू होते, पंखेही थांबले का, पुन्हा आपोआप सुरू झाला का.

निळा पडदा क्षणभर दिसून संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर विंडोजने काम थांबवले, असे समजावे. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधील 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' हा पर्याय बंद केल्यास त्या पडद्यावरचा संदेश वाचता येतो. अशा वेळी ड्रायव्हर आणि रॅम यांची तपासणी करावी. 'मेमटेस्ट८६' ही आज्ञावली पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवल्यास रॅममधील दोष सहसा उघड होतो.

'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेकांना कारण सापडल्यासारखे वाटते. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते. तो पंचनामा आहे, निकाल नव्हे. मात्र तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल, तर विंडोजला दोष लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, असा अर्थ निघतो आणि संशयाची सुई वीज किंवा उष्णता यांच्याकडे वळते.

उष्णतेची परीक्षा

अवजड खेळ किंवा चित्रफीत-संपादन सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी संगणक बंद पडतो आणि लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडतो, ही उष्णतेची खूण आहे. आजचे प्रोसेसर तापले की आधी आपला वेग कमी करतात. बहुतेकांची ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही तापमान चढत राहिले, तरच ते वीज तोडतात. म्हणून बंद पडण्यापूर्वी संगणक मंदावतो का, हे पाहावे.

हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचलेली असते, थर्मल पेस्ट वाळलेली असते किंवा हीटसिंकचा एखादा खिळा मदरबोर्डात नीट बसलेला नसतो. नव्या कूलरच्या तळाची संरक्षक प्लास्टिकची पट्टी काढायची राहून गेल्याची उदाहरणेही आढळतात. धूळ साफ करताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत.

वीजपुरवठ्याची परीक्षा

ग्राफिक्स कार्डावर भार येताच, कोणतीही मंदगती न जाणवता एका क्षणात सारे काळोखे झाले, तर एसएमपीएसकडे पाहावे. मागचे बटण बंद करून थोडे थांबल्याशिवाय संगणक पुन्हा सुरूच होत नसेल, तर त्याच्या संरक्षक मंडलाने वीज तोडल्याची दाट शक्यता असते.

येथे वेष्टनावरील मोठ्या आकड्याला भुलू नये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना मुख्यतः १२ व्होल्टची वीज लागते. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' असे छापलेले असले, तरी कोष्टकात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलेले असतील, तर प्रत्यक्षात १९२ वॅटच मिळणार. शिवाय आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही सहस्रांश सेकंदांसाठी आपल्या सरासरीच्या दुप्पट वीजही ओढू शकते. मल्टिमीटरने मोजता भाराखाली १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळावेत. मात्र क्षणिक घसरण मल्टिमीटरला दिसत नाही. म्हणून खात्रीचा दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हीच सर्वांत भरवशाची चाचणी होय. तेव्हा तारा त्या एसएमपीएसच्याच वापराव्यात. सुट्या होणाऱ्या तारांची एसएमपीएसकडील जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि जुनी तार नव्याला लावल्यास डिस्क किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

एसएमपीएसची पेटी घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

घरातील वीज

दोष कधी कधी संगणकाच्या बाहेर असतो. फ्रीज किंवा वातानुकूलन यंत्र सुरू होताच संगणक बंद पडतो का, हे वहीतील वेळांवरून कळते. सैल सॉकेट आणि हलक्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड हेही नेहमीचे संशयित. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजून वायरमनला बोलवावे.

आपल्याकडे विजेचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते आणि वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण तेवढाच काळ संगणकाला तग धरू देतो. जुना झाल्यावर तोही काळ घटतो. घरगुती इन्व्हर्टर याहून सावकाश बदल करत असेल, तर दिवे नुसते लुकलुकतात आणि संगणक मात्र बंद पडतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चे बटण असल्यास ते त्यासाठीच असते.

एका वेळी एकच बदल

पैसे खर्च करण्यापूर्वी बिनखर्चाच्या गोष्टी उरकाव्यात. तारा घट्ट बसवाव्यात, धूळ काढावी, सॉकेट बदलून पाहावे. कॅबिनेटचे बटण अडकत असल्यास तेही संगणक बंद करू शकते, कारण ते सुमारे चार सेकंद दाबलेले राहिले की वीज तुटते. संगणक सुरू केल्यावर त्या बटणाची बारीक तार काढून ठेवली की ही शंका फिटते. मदरबोर्डवरील एखाद्या कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसले, तर मात्र घरगुती उपाय थांबवावेत.

त्यानंतर केवळ प्रोसेसरवर, मग केवळ ग्राफिक्स कार्डवर भार टाकून पाहावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुरेसे दिवस वाट पाहावी. एकदम तीन भाग बदलल्यास संगणक सुरळीत चालेलही, पण दोष कोणात होता हे कळणार नाही आणि दोन चांगले भाग अडगळीत जातील. अखेर तंत्रज्ञाकडे जायची वेळ आलीच, तर वही सोबत न्यावी. 'मध्येच बंद पडतो' या तक्रारीपेक्षा तारीख, वेळ आणि केलेल्या चाचण्या यांची यादी हमीच्या मुदतीतील भाग बदलून मागताना कितीतरी अधिक उपयोगी पडते.