एकशेसाठ पौंडांचा मानकरी

मिडलवेट गटातील आजवरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, असा प्रश्न निघाला की जाणकारांच्या तोंडी पहिले नाव शुगर रे रॉबिन्सनचे येते, आणि ते इतक्या सहजतेने येते की त्या नावाचा या विशिष्ट गटावरील हक्क कागदोपत्री तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हा गट १६० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेबहात्तर किलोंचा. आपल्याकडे या शब्दाचा विशेष परिचय झाला तो २००८ साली, भिवानीच्या विजेंदर सिंगने बीजिंगला ७५ किलोंच्या हौशी गटात कांस्यपदक मिळवून ऑलिंपिकमधील भारताचे मुष्टियुद्धातील पहिले पदक आणले तेव्हा. अशा क्रमवारीत माझा शिरस्ता एकच आहे: या वजनात कोणी काय केले आणि कोणाशी लढून केले, एवढाच पुरावा दाखल करून घ्यावा, अन्य गटांतील कीर्ती, ती कितीही थोर असली तरी, येथे रुजू करू नये.

हा नियम लावला की रॉबिन्सनचे प्रकरण अवघड होते. त्याच्या कौशल्याचा परमोत्कर्ष १४७ पौंडांच्या वेल्टरवेट गटात झाला. १९५१च्या जुलैत लंडनला रँडी टर्पिनने त्याला हरवले, तोपर्यंतच्या साऱ्या व्यावसायिक कारकिर्दीत त्याच्या नावावर केवळ एक पराभव होता, आणि तोही वजनाने भारी असलेल्या जेक लामोटाकडून झालेला. त्याच लामोटाला १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत तेराव्या फेरीत निष्प्रभ करून त्याने मिडलवेटचे जगज्जेतेपद मिळवले. पुढे ते पद त्याने एकंदर पाच वेळा मिळवले, हे सर्वजण आदराने सांगतात. परंतु पाच वेळा मिळवले याचा अर्थ टर्पिन, फुलमर, बॅसिलिओ आणि पेंडर यांच्या हातून चार वेळा गमावले आणि एकदा निवृत्त होऊन सोडले, हा हिशेबही त्याच पानावर मांडला पाहिजे.

तरीही १ मे १९५७ची ती चित्रफीत पाहताना माझी लेखणी अडखळते. जीन फुलमर म्हणजे केवळ भिंत. त्याआधी कोणीही त्याला दहा अंक मोजेपर्यंत खाली ठेवले नव्हते. छत्तिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना पाचव्या फेरीत रॉबिन्सनने उजव्या हाताचा मारा त्याच्या अंगावर केला, त्यासरशी फुलमरचा बचाव किंचित खाली आला, आणि जेमतेम हातभर अंतरावरून आलेला डावा हूक हनुवटीवर असा बसला की तो बलदंड पुरुष उठण्याची धडपड करीत असतानाच मोजणी संपली.

आर्जेंटिनाच्या कार्लोस मोन्झोनने १९७० साली रोममध्ये निनो बेनवेनुतीला बाराव्या फेरीत पाडून पद घेतले, चौदा वेळा ते राखले आणि १९७७ साली अजिंक्य असतानाच निवृत्ती पत्करली. १९६४नंतर त्याला कोणी हरवू शकले नाही. मात्र आपल्या मुलाच्या आईच्या हत्येबद्दल पुढे त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. हातांच्या कर्तृत्वाची नोंद करताना त्याच हातांचा हा अपराध दप्तरातून वगळणे मला मान्य नाही.

मार्व्हिन हॅगलर मला अधिक जवळचा. त्याला पदासाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले, पहिली संधी १९७९ साली बरोबरीच्या निकालात गेली, आणि १९८० साली वेम्बलीत ॲलन मिंटरला तीन फेऱ्यांत हरवून पद मिळवले तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्यांचा वर्षाव करून त्याचा विजयोत्सवही हिरावून घेतला. १५ एप्रिल १९८५ रोजी लास व्हेगासला टॉमी हर्न्सशी झालेली त्याची झुंज आठ मिनिटांच्या आसपास चालली. पहिल्याच फेरीत हॅगलरचे कपाळ फुटले आणि हर्न्सचा उजवा हात मोडला. तिसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवून जखम डॉक्टरांना दाखवली, तेव्हा आपले पद रक्तामुळे जाणार हे ओळखून हॅगलर पुढे सरसावला आणि त्याच फेरीत त्याने निकाल लावला. १९८७ साली लेनर्डविरुद्ध दोनास एक अशा मतांनी तो हरला. तो निवाडा त्याने कधीच मान्य केला नाही आणि पुन्हा रिंगणात पाऊलही ठेवले नाही.

फिलाडेल्फियाच्या बर्नार्ड हॉपकिन्सने वीस वेळा पद राखले, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी या तिघांच्या तोलाची नाही. चार्ली बर्लीला तर जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी कोणी दिलीच नाही. १९४४ साली आर्ची मूरला हरवणाऱ्या या कृष्णवर्णीय योद्ध्याला क्रमवारीत कोठे बसवावे, याचे उत्तर त्याला संधी नाकारणाऱ्यांनीच आपल्यापासून हिरावून घेतले आहे.

आता पिट्सबर्गच्या हॅरी ग्रेबचा दावा. त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत उपलब्ध नाही. आहेत ती सरावाची काही मूक दृश्ये. त्या काळी अनेक ठिकाणी पंचांना निकाल देण्यास कायद्याने मज्जाव असल्यामुळे कित्येक लढतींचा फैसला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून होई. ही साक्ष ऐकीव म्हणून काही जण तिची बोळवण करतात. मला तसे वाटत नाही, कारण त्या वार्ताहरांनी जवळजवळ तीनशे लढती रिंगणाशेजारी बसून पाहिल्या आणि गावोगावी एकच वर्णन लिहिले: हा माणूस ठोसे मारण्याचे थांबवीतच नाही. १९२३ साली त्याने पद मिळवले आणि १९२५ साली मिकी वॉकरला हरवून ते राखले, तेव्हा उजव्या डोळ्याची दृष्टी तो गमावून बसला होता आणि ही गोष्ट त्याने शिताफीने लपवली होती. २३ मे १९२२ रोजी आपल्याहून भारी असलेल्या जीन टनीला त्याने पंधरा फेऱ्या रक्तबंबाळ केले. टनीच्या संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीतील तो एकमेव पराभव.

म्हणून माझा निवाडा असा: पहिला ग्रेब, दुसरा रॉबिन्सन, तिसरा हॅगलर, चौथा मोन्झोन, पाचवा हॉपकिन्स. १९२६च्या सप्टेंबरात टनीने जॅक डेम्प्सीला हरवून हेवीवेटचे जगज्जेतेपद घेतले. त्यानंतर महिन्याभरात, २२ ऑक्टोबरला, एका शस्त्रक्रियेनंतर ग्रेब वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला, आणि त्याच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांत जीन टनी होता.