संपीडन गुणोत्तर आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे, तितका उष्णतेचा अधिक भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित होतो. दट्ट्या सर्वांत खाली असतानाचे सिलिंडरमधील आकारमान भागिले तो सर्वांत वर असतानाचे आकारमान, म्हणजे संपीडन गुणोत्तर होय. आदर्श ऑटो चक्रात हे गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के, तर १० असता सुमारे ६० टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच खाली येतात, परंतु वाढीची दिशा तीच राहते.

गुणोत्तर वाढविण्याचा जुना मार्ग म्हणजे सिलिंडर हेडचा सपाट पृष्ठभाग मिलिंग यंत्रावर घासून ज्वलनकक्ष उथळ करणे. ५० मिलिमीटर व्यासाच्या, १०० घन सेंटिमीटर क्षमतेच्या एका सिलिंडरचे उदाहरण घेऊ. गुणोत्तर ९ असेल तर दट्ट्याच्या वर १२.५ घन सेंटिमीटर जागा उरते. १० करावयाचे तर ती ११.१ हवी. ज्वलनकक्षाचे तोंड सिलिंडरइतकेच रुंद मानल्यास त्यासाठी जेमतेम ०.७ मिलिमीटर धातू काढावा लागतो. मात्र एवढ्यानेही झडपा दट्ट्याच्या जवळ येतात, कॅमशाफ्ट हेडमध्ये असल्यास झडपा उघडण्याची वेळ किंचित मागे पडते आणि पृष्ठभाग जरासा वाकडा राहिला तरी गॅसकेट टिकत नाही. शिवाय काढलेला धातू परत बसविता येत नाही.

खरी मर्यादा मात्र इंधनाची आहे. दाब व तापमान फार वाढले की ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याने दट्ट्यास छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. इंधनाची याला विरोध करण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजली जाते. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या संयुगाने नॉकिंग थांबते असे आढळले. त्यानंतर अनेक दशके संपीडन वाढत गेले, आणि हवेतील शिसेही. भारतात शिसेरहित पेट्रोल देशभर लागू झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असला, तरी त्याच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या मोटारींची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. १० टक्के मिश्रणासाठी रचून २० टक्क्यांस जुळविलेल्या मोटारींत ही घट १ ते २ टक्केच असते. देशातील मिश्रण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या वाहनाच्या मालकाची तक्रार म्हणूनच निराधार नाही: ऑक्टेनचा लाभ त्याच्या इंजिनास घेता येत नाही, ऊर्जेतील तूट मात्र त्याला सोसावी लागते.

हेड घासून ही तूट काही अंशी भरून काढता येईल, हे तत्त्वतः बरोबर आहे. पण ठिणगीची वेळ व इंधनाचे प्रमाण त्यानुसार बदलावे लागते, उत्सर्जनही बदलते, आणि कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरण्याची वेळ आल्यास नॉकिंग ओढवते. रबराचे भाग व नळ्या इथेनॉलला टिकतील की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाहीच. गुणोत्तर ठरविण्याची योग्य जागा कार्यशाळा नसून कारखान्यातील आरेखन कक्ष आहे.

ब्राझीलमध्ये १९७९ पासून केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी विकल्या गेल्या. त्यांचे संपीडन पेट्रोल मोटारींपेक्षा अधिक ठेवता आले. २००३ पासून तेथे आलेल्या फ्लेक्स-फ्युएल मोटारींना दोन्ही इंधने चालवून घ्यावी लागतात. त्यामुळे त्यांच्या अभियंत्यांना गुणोत्तर निवडताना दोहोंमधला मार्ग काढावा लागला.