तुम्ही कोण विचारणारे?

पावणे गावातल्या कुठल्याही जुन्या घरात जा. पत्र्याच्या पेटीत कागदांची एक पिशवी सापडेल. सात-बाराचा जुना उतारा, वारसाचा दाखला, कसलीतरी नोटीस. इथली भातशेती गेली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. नांगराचे काम संपले आणि कचेरीचे सुरू झाले. कचेरीतली सगळीच माणसे वाईट नसतात. पण एखाद्याचा हात टेबलाखालून पुढे येतो. त्याच्याविरुद्ध बोलायला जावे, तर पहिला सवाल असा येतो, "तुमचं काय गेलं? तुम्ही कोण विचारणारे?"

या सवालाला देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने उत्तर दिलेले आहे. आणि ते निघाले आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून. त्याची हकिगत अशी.

1980 ते 1982 या काळात बॅरिस्टर अ. र. अंतुले राज्याचे मुख्यमंत्री होते. तेव्हा सिमेंटची टंचाई होती. सिमेंटचा कोटा सरकार ठरवून देई. कोटा द्यायचा आणि त्या बदल्यात एका ट्रस्टसाठी देणग्या घ्यायच्या, असा आरोप त्यांच्यावर झाला. जानेवारी 1982 मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल विरुद्ध गेला, आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रामदास नायक यांनी विशेष न्यायाधीशांपुढे फिर्याद केली. नायक एका विरोधी पक्षाचे पुढारी होते. ते पोलीस नव्हते. नागरिक म्हणून ते थेट कोर्टात गेले. अंतुले यांच्या वकिलांनी हरकत घेतली. लाचेच्या गुन्ह्याचा तपास ठराविक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यानेच करायचा असे कायदा म्हणतो, मग खासगी माणसाची फिर्याद कोर्टाने घ्यावीच कशी? हायकोर्टाने ही हरकत मानली नाही. प्रकरण दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले.

16 फेब्रुवारी 1984 रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. ते म्हणाले, गुन्हा नुसता एका माणसाचा नसतो, साऱ्या समाजाचा असतो. म्हणून कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल, तर कोणीही फिर्याद करू शकतो. वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी हवा, ही अट तपासापुरती आहे. ती कोर्टाच्या दाराला लावलेली कडी नव्हे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अंतुले दोषी की निर्दोष, हे त्या दिवशी ठरलेच नाही. ठरले ते एवढेच, की फिर्याद चालेल.

आता कोणी म्हणेल, हा नायक आणि अंतुले यांचा तंटा. त्याचे आम्हाला काय?

शेताच्या हद्दीचा दगड पाहा. तो एका भांडणात पुरला जातो. पण पुढे नातवंडे भांडली, तरी मोजणी त्या दगडापासूनच होते. वरच्या कोर्टाचा निकाल तसाच असतो. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा सगळ्या कोर्टांना बांधतो, असे राज्यघटनेच्या 141 व्या कलमात लिहिले आहे. मात्र निकालातले प्रत्येक वाक्य बांधत नाही. ज्या कारणावर निकाल उभा असतो, ते कारण बांधते. म्हणून पुढचा न्यायाधीश आधी विचारतो, "त्या खटल्यातला प्रश्न आणि आजचा प्रश्न एकच आहे का?" एकच असेल तर जुना निकाल लागू. नसेल तर वकिलाने कितीही मोठ्याने वाचून दाखवावा, उपयोग नाही.

2012 साली तसेच झाले. मोबाइल फोनच्या परवान्यांच्या प्रकरणात सुब्रमण्यम स्वामी यांनी मंत्र्यावर खटला भरायला पंतप्रधानांकडे मंजुरी मागितली होती. मंजुरी म्हणजे काय? सरकारी माणसावर लाचेचा खटला चालवायचा, तर त्याला पदावरून काढण्याचा ज्यांना अधिकार आहे, त्यांची आधी परवानगी लागते. खोट्या खटल्यांनी सचोटीचा अधिकारी छळला जाऊ नये, म्हणून ही सोय आहे. सरकारतर्फे सांगण्यात आले, खासगी माणसाला मंजुरी मागताच येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1984 चा निकाल पुढे ठेवला. फिर्याद करण्याचा हक्क आहे, मग तिच्यासाठी मंजुरी मागण्याचाही आहे. शिवाय अशा अर्जावर तीन महिन्यांत निर्णय घ्या, असे सांगितले. ही मुदतसुद्धा 1997 च्या एका निकालातून घेतलेली होती.

पण जुना निकाल म्हणजे देवाची आज्ञा नव्हे, बरं का. 1984 मध्ये त्याच पाच न्यायाधीशांनी अंतुले यांचा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून हायकोर्टाकडे दिला होता. 1988 साली सात न्यायाधीश बसले आणि म्हणाले, ही आमची चूक झाली. यामुळे आरोपीचा अपिलाचा एक हक्क गेला. तो हुकूम मोडला. फिर्यादीच्या हक्काचा दगड मात्र जागचा हलला नाही. स्वतःची चूक कोर्टाने उघड कबूल करावी, हे आम्हाला मोठे वाटते.

आणि कधी विधिमंडळ किंवा संसदच दगड हलवते. ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटले, की मंजुरी लागत नाही, असेही 1984 मध्ये ठरले होते. 2006 साली पंजाबचे माजी मुख्यमंत्री प्रकाशसिंग बादल यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तोच आधार घेतला. पण 26 जुलै 2018 पासून संसदेने कायदा बदलला. आता पद सोडलेल्या माणसासाठीही मंजुरी लागते. तेव्हा त्या मुद्द्यावर जुना निकाल दाखवणाऱ्या वकिलाला विचारावे, "हे 2018 च्या आधीचं की नंतरचं?"

खासगी माणसाची वाटही याच बदलात आखून दिली आहे. आधी कोर्टात फिर्याद करायची. कोर्टाने ती फेटाळली नाही आणि मंजुरी आणायला सांगितले, तरच मंजुरीसाठी अर्ज करता येतो. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत, आणि कायदेशीर सल्ला घ्यायचा असेल तर आणखी एक महिना. म्हणून अर्जाची पोच घ्यायची, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते बघायचे, आणि ती पेटीतल्या त्याच पिशवीत ठेवायची.