सोल्जर बोर्ड

साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या म्हाताऱ्या पेन्शनराला ‘जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय’ कुठं आहे असं विचारलं, तर तो क्षणभर बुचकळ्यात पडेल. ‘सोल्जर बोर्ड’ म्हटलं की हात करून रस्ता दाखवील. पाटी बदलून जमाना झाला, पण ज्यांचं तिथं काम पडतं त्यांनी जुनं नाव सोडलेलं नाही.

नावाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. पहिलं महायुद्ध संपलं, फौजेतली माणसं गावोगाव परतू लागली आणि १९१९ मध्ये सरकारनं ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ नेमलं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावाचं नावच पुढं ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं. अशा घरांचं पुढं काय, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. त्या बोर्डाचं १९७५ मध्ये ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ झालं. आपल्याकडे त्याच्या हाताखालचं काम पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कार्यालयं पाहतात. जिल्हा मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पण कारभार चालवतो तो फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी, आणि खरी पायपीट ‘कल्याण संघटक’ करतो. तोही बहुधा माजी सैनिकच असतो. ठरलेल्या दिवशी तो तालुक्याच्या गावी जाऊन बसतो, म्हणजे डोंगराकडच्या म्हातारीला जिल्ह्यापर्यंत एसटीचे धक्के खावे लागत नाहीत.

२६ जानेवारीला शाल-श्रीफळ देऊन माजी सैनिकांचे सत्कार होतात. होऊ देत, माझी काही तक्रार नाही. पण फौजीचा मान किती आणि कसा, हे मला व्यासपीठापेक्षा या कार्यालयाच्या बाकावर जास्त कळतं. तिथं देशभक्तीवर कुणी बोलत नाही. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, झेरॉक्स आणि ‘फोटो जॉइंट आणलाय का, मावशी?’ असंच बोलणं चालतं.

सर्वांत किचकट प्रकरण असतं बायकोच्या नावाचं. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलायची रीत. माहेरची शेवंता सासरी लक्ष्मी होते. जवान सुट्टीवर येऊन लग्न करतो, परत गेल्यावर पलटणीत नोंद करतो. तोंडात असेल ते नाव सांगतो, आणि लिहून घेणारा क्लार्क परप्रांतातला असेल तर ऐकू येईल तसं इंग्रजीत उतरवतो. त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. पुढं चाळीस वर्षं ती कुणी उघडून पाहत नाही. मग एके दिवशी हवालदारसाहेब जातात. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना दिसतं की फौजेच्या कागदावर एक बाई आहे, आधारकार्डावर दुसरी, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरी. शाळेत गेलीच असेल तर. तिन्ही एकच, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. सिद्ध मात्र तिलाच करावं लागतं. नवऱ्याला तेरा दिवस होताहेत तोवर प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्पपेपर कुठं मिळतो याची चौकशी सुरू होते.

इथं संघटकाचं कसब दिसतं. कोणता कागद आधी, कोणता मागून, हे त्याला पाठ असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस असेल तर प्रकरण बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं, तोफखान्याचा असेल तर नाशिकरोडला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशात सागरला. तिथून पुढं प्रयागराज, कारण सेनेच्या निवृत्तिवेतनाचं मुख्य लेखा कार्यालय तिथं आहे. आता ‘स्पर्श’ ही संगणकप्रणाली आली, पैसे थेट खात्यात येतात. सोय झालीच. पण वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. दाखला चुकला की पेन्शन अडते.

बाहेरच्यांना हे कार्यालय आठवतं ते ७ डिसेंबरच्या सुमारास. १९४९ पासून हा सशस्त्र सेना ध्वजदिन. लाल, गडद निळा आणि फिका निळा, तिन्ही दलांचे तीन रंग असलेला कागदी झेंडा छातीला लावायचा आणि निधीच्या डब्यात पैसे टाकायचे. महाराष्ट्रात या निधीचं जिल्हावार उद्दिष्ट ठरतं, ते खात्याखात्यांत वाटलं जातं, आणि पुढं टक्केवारीच्या बातम्या येतात. साहेबांनी सांगितलं म्हणून दिलेली नोट आणि मनानं दिलेली नोट डब्यात सारखीच पडते, हे खरं. तरी आपण दिलेल्या पैशाचं काय होतं, हे झेंडा टोचून देणाऱ्या शिक्षकानं पोरांना एका वाक्यात सांगितलं तर किती बरं होईल.

सांगण्यासारखं आहे. फौजेत शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षं भरावी लागतात. ती न भरता घरी आलेले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शनशिवाय मोकळे केलेले, असे कितीतरी लोक रिकाम्या हातानं म्हातारे झाले. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पासष्टी ओलांडलेल्या अशा बिनपेन्शनी माणसांना केंद्राकडून मदत मिळते, आणि तिच्यामागे हाच ध्वजदिनाचा निधी असतो. महिन्याला ४००० रुपये होते, नोव्हेंबर २०२५ पासून ८००० झाले. किराणा आणि औषधं, एवढंच त्यात बसतं.

आता या बाकावर नव्या तऱ्हेची माणसं येणार आहेत. चार वर्षांपुरत्या भरतीची अग्निपथ योजना २०२२ मध्ये जाहीर झाली, भूदलातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. चार वर्षं भरतात ती २०२७ च्या सुरुवातीला. त्यांतले फार तर पाव कायम होतील. बाकीचे ऐन तारुण्यात, सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, ईसीएचएसचा, दवाखाना नाही. योजना जाहीर झाली तेव्हाच माजी सैनिकाचा दर्जाही मिळणार नाही हे ठरलेलं होतं. गाव मात्र त्यांना फौजीच म्हणेल, आणि अडचण आली की कुणीतरी वडीलधारा सांगेलच, ‘सोल्जर बोर्डात जाऊन ये.’ तिथला संघटक माझ्या पाहण्यात आलेल्यांसारखा असेल तर तो आधी खुर्ची देईल. पुढं कोणता फॉर्म द्यायचा, हे त्याला पुण्याहून कुणीतरी वेळेवर कळवायला हवं.